चिंचेवरचे माहेर

चिंचेचे झाड पाहिले नाही, असा मुलगा महाराष्ट्रात विरळाच. गावाच्या वेशीपाशी, देवळामागे, शेताच्या बांधावर असे एखादे जुने झाड असतेच; आणि माघ-फाल्गुनात त्याचे आकडे गाभुळू लागले, की दगड मारून ते पाडणाऱ्यांची झाडाखाली गर्दीही होते. ज्याचे झाड असते, त्याला मात्र हा खेळ वाटत नाही. चिंच हे उत्पन्नाचे झाड आहे. आकडे पिकले म्हणजे माणसे काठ्या घेऊन वर चढतात, फांद्या झोडपतात, खाली पडलेला माल गोळा करतात. मग घरातील बायका तो फोडून, चिंचोके काढून, चिंचेचे गोळे बांधून ठेवतात आणि उरलेला माल बाजारात जातो. झाड एकदा वाढले, की त्याला नांगरट लागत नाही आणि पाण्याची पाळीही द्यावी लागत नाही. पुढे नातवंडांच्या हाती वर्षाकाठी चार पैसे यावेत, म्हणूनच कोण्या आजोबांनी ते लावलेले असते.

कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेळ्ळूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथेही परसात, अंगणात आणि रस्त्याच्या कडेला अशीच जुनी, पसरट चिंचेची झाडे आहेत. त्यांनाही याच दिवसांत आकडे पिकतात. परंतु त्यांतील पुष्कळ झाडांवर त्या वेळी कोणी चढत नाही, फांदी झोडपत नाही, सरपणासाठी डहाळीसुद्धा तोडत नाही. झाडाचा धनी खाली उभा राहून क्षणभर वर पाहतो आणि आपल्या कामाला निघून जातो. कारण त्या दिवसांत झाड त्याचे नसते. ते पाहुण्यांच्या ताब्यात असते.

हे गाव मद्दूर तालुक्यात, बंगळूरपासून सुमारे ८० किलोमीटरांवर आहे. म्हैसूरकडे जाणारा हमरस्ता सोडून बारा-तेरा किलोमीटर आत गेले, की ते लागते. कावेरीला मिळणारी शिंषा नदी जवळून वाहते. आजूबाजूचा मुलूख सगळा शेतीचा. कोठे ऊस, कोठे भात, कोरडवाहू जमिनीत नाचणी. आणि मधून मधून पूर्वजांनी बांध घालून अडविलेले जुने तलाव. कन्नड भाषेत अशा तलावाला ‘केरे’ म्हणतात. ‘कोक्करे’ म्हणजे करकोचा. गावाच्या नावातच पाखरू येऊन बसले आहे. जवळपास दाट अरण्य नाही, उंच डोंगर नाहीत, की माणसांना मज्जाव असलेले एखादे रान नाही. पाखरांचा मुक्काम आहे तो माणसांच्या अंगणात, त्यांच्या घरांच्या कौलांवर सावली धरणाऱ्या झाडांत.

दिवाळी होऊन थंडी पडू लागली, की हे पाहुणे येऊ लागतात. त्यांत मुख्य दोन जाती असतात. पहिला पेलिकन. चोचीखाली कातड्याची लवचिक झोळी असते, म्हणून आपण त्याला झोळीवाला असेही म्हणतो; कन्नड लोक त्याला ‘हेज्जार्ले’ म्हणतात. त्याचा रंग राखाडी असून वरच्या चोचीच्या कडेने काळसर ठिपक्यांची ओळ असते. त्याने पंख पसरले, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर दोन मीटरांहून अधिक भरते. हा झोळीत मासे साठवून ठेवतो, असा पुष्कळांचा समज आहे. पण तो बरोबर नाही. झोळी हे त्याचे जाळे होय. पाण्यासकट मासा त्या झोळीत यायचा, चोच खाली करून पाणी सांडून द्यायचे आणि मासा गिळून टाकायचा, अशी त्याची रीत आहे. जमिनीवर तो बोजड दिसतो खरा. परंतु उन्हाने तापलेली हवा वर चढू लागली, की तिच्या आधाराने पंखही न हालवता तो इतका उंच जातो की दिसेनासा होतो.

दुसरा पाहुणा चित्रबलाक. हा करकोच्याच्या कुळातला. भिगवणजवळ उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात आपल्याकडील पुष्कळ मुलांनी तो पाहिला असेल. उंची सुमारे मीटरभर, चोच पिवळी व टोकाशी किंचित वाकलेली, डोके नारिंगी व पिसांविना, अंग पांढरे, छातीवर काळ्यापांढऱ्या नक्षीचा पट्टा आणि शेपटीजवळ गुलाबी पिसे. एखाद्या चित्रकाराने हातचे सगळे रंग त्याच्यावर खर्च केले असावेत, असे वाटते. गुडघाभर पाण्यात उभे राहून तो अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवितो आणि ती डावीउजवीकडे फिरवीत पुढे चालतो. माशाचा स्पर्श झाला, की चोच तत्क्षणी मिटते. मासा डोळ्यांना दिसलाच पाहिजे असे नसल्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचे काम अडत नाही.

या दोन्ही जाती शेजारी शेजारी, कित्येकदा एकाच झाडावर घरटी बांधतात. काटक्या आणून, त्या एकमेकींत अडकवून सुपाएवढी पसरट बैठक तयार केली, की झाले घरटे. मग अंडी, मग महिनाभराची उबवणी आणि मग पिल्लांचा अखंड गलबला. मोठे पक्षी सहसा ओरडत नाहीत. चित्रबलाक तर फक्त चोच वाजवून बोलतो. सगळा आरडाओरडा असतो तो भुकेल्या पिल्लांचा. आईबाप आळीपाळीने तलावांवर जातात, मासे गिळून आणतात आणि घरट्यात पिल्लांपुढे ते परत बाहेर काढतात. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले, की चित्रबलाकाची मादी किंवा नर घरट्यात सूर्याकडे पाठ करून पंख पसरून उभा राहतो आणि त्या पंखांच्या सावलीत पिल्ले बसून राहतात. कधी आईबाप चोचीतून पाणी आणून ते पिल्लांना पाजतात. हे दृश्य पाहण्यासाठी गावकऱ्यांना कोठे जावे लागत नाही. ओट्यावर बसून मान वर केली, की पुरे.

या पाखरांना गावात काय मानतात, ते ऐकण्यासारखे आहे. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते, ही चाल जशी महाराष्ट्रात आहे तशी कर्नाटकातही आहे. तेथे माहेराला ‘तवरु मने’ म्हणतात. कोक्करे बेळ्ळूरचे लोक म्हणतात की, ही पाखरे म्हणजे आमच्या लेकी; त्या बाळंतपणासाठी माहेरी येतात आणि लेकरे उडू लागली की सासरी जातात. माहेरी आलेल्या लेकीला कोणी दगड मारतो काय? तिने अंगण घाण केले, म्हणून तिला कोणी हाकलून देतो काय? पाखरे आली म्हणजे पाऊस बरा होतो आणि पीक चांगले येते, अशीही समजूत गावात आहे. ज्यांचे सारे अन्न तलावांतून येते ते पक्षी, तलाव भरलेले असतील त्याच साली मोठ्या संख्येने येणार, हे उघड आहे. तेव्हा पाखरांमुळे पाऊस येतो असे म्हणण्याऐवजी पावसामुळे पाखरे येतात, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. परंतु समजूत उलटी असली, तरी तिच्यामागचे निरीक्षण काही खोटे नाही.

लेक म्हटले, तरी लेकीचेही पुष्कळ सोसावे लागते. दूरवरून हौसेने पाहायला येणाऱ्याला झाडावर रंगीत पाखरे दिसतात; खाली राहणाऱ्याच्या वाट्याला निराळेच येते. कौले, भिंती, बैलगाडी, दोरीवर वाळत घातलेली लुगडी, सगळे पांढऱ्या शिटांनी माखून जाते. अंगणात वाळवण घालायची सोय राहत नाही. घरट्यांतून निसटलेले मासे खाली पडून कुजतात आणि त्यांचा उग्र दर्प चार-पाच महिने दारात दरवळत राहतो. सडा घालावा आणि घटकाभरात तो व्यर्थ जावा, हे रोजचेच. हा सगळा भार विशेषेकरून घरातील बायकांवर पडतो, आणि गावाच्या कौतुकात त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

शिवाय चिंचेचा प्रश्न आहेच. पाखरांची घरटी आणि चिंचेचे पीक यांचे दिवस नेमके एकच. आकडे पिकून काढणीला येतात, तेव्हा घरट्यांत उघड्या अंगाची, मान न सावरणारी पिल्ले असतात. अशा वेळी फांदीवर चढून ती झोडपली, तर आईबाप उडून जातील आणि पिल्ले खाली येतील. म्हणून धनी झाडाला हात लावीत नाही. जे आकडे आपोआप गळून पडतात, ते घाणीने माखलेले असल्यामुळे विकता येत नाहीत. म्हणजे ज्या झाडावर घरटी अधिक, त्याचे उत्पन्न तितके बुडाले. ज्याच्या दारी एकच झाड आहे, त्याला या हिशेबाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या हिशेबात दुसऱ्या बाजूलाही काही जमा होत असे. माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांच्या शिटांत नत्र आणि स्फुरद भरपूर असते, आणि पिकाला लागणाऱ्या अन्नद्रव्यांत ही दोन मुख्य आहेत. गावकरी झाडांखाली खड्डे करून त्यांत शिटा गोळा होऊ देत. तलावांतील गाळ आणून त्यात मिसळला, की उत्तम खत तयार होई आणि ते शेतात जाई. तलावातला मासा पाखराच्या पोटात गेला, पाखराकडून खत झाले, खताचे धान्य झाले. चिंचेचे सगळे नुकसान यातून भरून निघे असे नव्हे. पण शेतकऱ्याला पाखरू अगदीच फुकट पोसावे लागत नव्हते. पुढे रासायनिक खतांची पोती बाजारात मिळू लागली आणि खड्ड्यांतील खताची पूर्वीइतकी मातब्बरी राहिली नाही.

शेतकरी आणि पाणपक्षी यांचे असे नाते दक्षिणेत इतर ठिकाणीही जुने आहे. तमिळनाडूत चेंगलपट्टू जिल्ह्यात वेडंतांगल म्हणून एक गाव आहे. या नावाचा अर्थ ‘शिकाऱ्याची वाडी’ असा सांगतात. गावाच्या तलावातील झाडांवर दरवर्षी हजारो बगळे, पाणकावळे, चित्रबलाक वस्तीला येतात. त्यांच्या शिटांनी तलावाचे पाणी सकस होते आणि ते पाणी पिऊन खालची भातशेती पिकते, हे तेथील शेतकऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई तलावावर येऊन पाखरांची शिकार करू लागले. गावकऱ्यांनी थेट कलेक्टरकडे तक्रार नेली. त्या वेळचा कलेक्टर लायोनेल प्लेस याने १७९८ च्या सुमारास, या पाखरांना कोणी उपद्रव देऊ नये, असा कौल गावाला लिहून दिला. कौल म्हणजे अभयाचा लेख. मराठी मुलखातील जुन्या दप्तरांतही हा शब्द जागोजागी भेटतो. पुढे १८५८ मध्ये गावकऱ्यांनी तो नव्याने लिहून घेतला. पक्ष्यांच्या रक्षणासाठी कायदे होण्याच्या कितीतरी आधी, शेतकऱ्यांनी बंदूकधाऱ्यांविरुद्ध मिळविलेला हा कागद होता. २०२२ साली हा तलाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला.

कोक्करे बेळ्ळूरला असा लेखी कौल कोणी दिला नव्हता. तेथे सगळा कारभार रिवाजावर चालला होता. त्या रिवाजाची एक कथा गावात सांगतात. मूळ गाव शिंषा नदीच्या अधिक जवळ होते. १९१६ च्या सुमारास तेथे प्लेगची साथ आली. माणसे घरेदारे सोडून निघाली आणि थोड्या अंतरावर नव्याने वसली. तेव्हा पाखरेही जुन्या गावची झाडे सोडून माणसांमागून नव्या वस्तीत आली, असे वृद्ध माणसे सांगत आली आहेत. ओसाड गावात राखण करणारे कोणी उरले नाही, हे पाखरांनी कसे ओळखले असेल ते असो. आजही ती झाडे निवडतात ती घरांना खेटून असलेली.

माणसाच्या सोबतीला राहण्यात या पाखरांचा केवढा फायदा झाला, ते कळण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, सितांग नावाची नदी आहे. तिच्या काठच्या अरण्यात याच जातीच्या पेलिकनांची एक प्रचंड वसाहत होती. यूजीन ओट्स नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाने १८७७ साली ती पाहिली, तेव्हा मैलोगणती झाडे घरट्यांनी भरलेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती सगळी वसाहत नाहीशी झाली. अफाट अरण्यातली वस्ती गेली आणि मूठभर चिंचांवरची टिकली.

बाहेरच्या जगाला या गावाची नीटशी ओळख झाली ती १९७६ साली. कर्नाटकाच्या वनखात्यातील अधिकारी एस. जी. नेगिनहाळ हे त्या वर्षी गावात आले. एवढे दुर्मीळ पक्षी घरांच्या दारात घरटी करून आहेत आणि गावकऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नाही, हे पाहून ते चकित झाले. त्यांनी नोंदी केल्या आणि सरकारचे लक्ष वेधले. मग, ज्यांच्या झाडांवर घरटी असतील त्यांना बुडालेल्या चिंचेपोटी दरवर्षी काही रक्कम द्यावी, असे ठरले. ही गोष्ट न्यायाची होती. पाखरे सगळ्या देशाची म्हणायची आणि त्यांचा खर्च मात्र एका गावातील काही घरांनी सोसायचा, हे बरोबर नव्हते.

तरी अडचण उरलीच. बाजारात चिंचेचा भाव वर्षानुवर्षे वाढत गेला; मोबदला त्या वेगाने वाढला नाही. घरात भाऊ विभक्त झाले, जागा वाटल्या गेल्या, नवी घरे बांधण्यासाठी अंगणे मोकळी करावी लागली. काही झाडे तुटली. ज्याने झाड तोडले, त्याला दोष देणे सोपे आहे. पण मुलीचे लग्न अंगावर आले असताना दारातील झाड विकून पैसे उभे करणाऱ्या शेतकऱ्याला निर्दय म्हणता येणार नाही. ‘लेक माहेरी आली आहे’ असे म्हणणारे आणि अंगणातील झाडाची किंमत करणारे, दोघेही एकाच घरात राहू लागले होते.

१९९४ च्या सुमारास म्हैसूरचे काही हौशी निसर्गप्रेमी येथे येऊन राहू लागले. गावाला उपदेश करण्याऐवजी त्यांनी एक अगदी साधे काम हाती घेतले. घरट्यांतील ओढाताणीत किंवा वाऱ्याच्या झोतात काही पिल्ले दरवर्षी खाली पडतात. पडलेल्या पिल्लाला आईबाप जमिनीवर उतरून भरवीत नाहीत. त्यामुळे पडण्यातून वाचलेले पिल्लूही उपाशी मरते, नाहीतर कुत्र्याच्या तोंडी जाते. अशी पिल्ले उचलून आणण्यासाठी गावात जाळीचे कुंपण घालून एक आवार तयार केले. तलावातील मासे आणून त्यांना भरवावे, जखमांवर औषध लावावे आणि पंखांत बळ आले म्हणजे त्यांना मोकळे सोडावे, असा क्रम सुरू झाला. पेलिकनचे वाढते पिल्लू किती खाते, हे ज्याने त्याला भरविले आहे त्यालाच ठाऊक! रोज टोपल्या भरभरून मासे लागत.

या कामात सर्वांत आधी पुढे आली ती गावातील मुले आणि तरुण. शाळेच्या वाटेवर पडलेले पिल्लू दिसले, की ते उचलून आवारात पोचविणे, हे मुलांचे काम होऊन बसले. त्यांच्या मंडळाला ‘हेज्जार्ले बळग’ असे नाव पडले. कन्नडमध्ये ‘बळग’ म्हणजे आप्तांचा गोतावळा. पेलिकनचे नातलग, असाच त्या नावाचा अर्थ. आजीच्या तोंडी जी गोष्ट लेकीच्या माहेरपणाची होती, ती नातवाच्या हाती माशांची टोपली होऊन आली.

यानंतर कायद्याचाही आधार मिळाला. देशात अभयारण्ये पुष्कळ आहेत. परंतु अभयारण्याचा कायदा या गावाला लावणे अवघड होते. येथे झाड, अंगण आणि शेत सगळे लोकांच्या मालकीचे. ते सरकारजमा करून माणसांना बाहेर काढले, तर पाखरे ज्यांच्या आधाराने राहिली तो आधारच नाहीसा होणार. वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा मूळ १९७२ चा. २००२ साली त्यात दुरुस्ती होऊन ‘समुदाय राखीव क्षेत्र’ अशी नवी तरतूद झाली. आपल्या जमिनीवरील प्राण्यांचे व पक्ष्यांचे रक्षण करण्यास लोक स्वतः पुढे आले असतील, तर तेथे असे क्षेत्र जाहीर करता येते. जमीन ज्याची त्याचीच राहते आणि व्यवस्था पाहणाऱ्या समितीत गावाच्या माणसांना स्थान मिळते. २००७ मध्ये कोक्करे बेळ्ळूर असे राखीव क्षेत्र झाले.

एवढ्याने सगळे निभावले असे मात्र झाले नाही. पाखरू राहते गावात. जेवते मात्र गावाबाहेर. ताइलूरचा तलाव, मद्दूरचा तलाव आणि असे आणखी तलाव हे त्याचे स्वयंपाकघर. ते तलाव कोक्करे बेळ्ळूरच्या मालकीचे नाहीत. त्यांत कोणाचे सांडपाणी येते, मासेमारीचा ठेका कोणी घेतला, उन्हाळ्यात पाणी किती उरले, यांवर या गावाचा हुकूम चालत नाही. २०१७ च्या अखेरीस गावातील पेलिकन एकामागून एक झाडांवरून गळून मरू लागले. पशुवैद्यांनी तपासणी केली, तेव्हा पक्ष्यांच्या पोटांत जंतांचा सुळसुळाट आढळला. हे जंत माशांवाटे पोटात जातात. घाणेरड्या पाण्यातील माशांवर तेव्हा सर्वांचा संशय गेला. पुढील काही महिने हे मृत्यू चालूच राहिले. ज्या गावात पाखरावर दगड उगारला जात नाही, त्या गावाच्या अंगणात पाखरे मरून पडत होती आणि माणसांना ती उचलून नेण्यापलीकडे फारसे काही करता येत नव्हते. पाखरांसाठी झाडे राखणे गावाच्या हातचे होते. तलाव राखायचे, तर त्याला आसपासच्या गावांची आणि सरकारचीही साथ लागणार, हे त्या वेळी सर्वांना दिसून आले.

झाडांचीही काळजी आहेच. चिंचेचे रोप लावले, की ते आपल्या हयातीत मोठे होईलच, याची खात्री लावणाऱ्याला नसते. पेलिकनाच्या घरट्याचे ओझे पेलण्याजोगी फांदी तयार व्हायला काही दशके जातात. आज उभी असलेली झाडे आजोबा-पणजोबांच्या हातची आहेत. शिटांच्या माऱ्याने काहींची पाने झडतात, काही वठू लागली आहेत. त्यांच्या जागी आज कोणी रोप लावले, तर त्याच्या चिंचा कदाचित त्याच्या नातवाच्याही हाती पडणार नाहीत, हे ठाऊक असूनच ते लावायचे.

वैशाख सरत आला, की पिल्लांचे पंख भरतात. आधी ती फांदीवरल्या फांदीवर झेपावतात, मग या झाडावरून त्या झाडावर जातात आणि एके दिवशी आईबापांबरोबर तलावाकडे गेलेली परत येत नाहीत. मृग लागेपर्यंत गाव बहुतेक रिकामे होते. इतके दिवस कानांवर आदळणारा गलबला थांबतो आणि पहिले काही दिवस माणसांना चुकल्याचुकल्यासारखे होते. पावसाच्या सरी आल्या, म्हणजे पांढरी पडलेली कौले धुऊन पुन्हा तांबडी दिसू लागतात आणि चिंचेला कोवळी पालवी फुटते. वाऱ्याने रिकामी घरटी मोडून खाली येतात. अंगणभर काटक्या पसरतात. सकाळी सडा घालण्याआधी बायका त्या वेचून घेतात आणि चुलीपाशी नेऊन ठेवतात.